अखंडाचा श्वास

या, असे जवळ येऊन बसा. मागे भिंतीला टेकलात तरी चालेल, पण कान इकडे असू द्या. आज एका सुराची गोष्ट सांगायची आहे, आणि त्या सुरात हरवलेल्या एका बाईची. गोष्ट फार लांबची, पार गुरू ग्रहाच्या अंगणातली. पण तिच्यात कीर्तन आहे, तेव्हा ती आपल्याच घरची समजा.

गुरूच्या युरोपा नावाच्या चंद्रावर माणसं राहायला गेली त्याला दोन पिढ्या उलटल्या होत्या. युरोपा सगळा बर्फाने मढलेला. वर उघड्यावर घातक किरणांचा मारा, म्हणून माणसं बर्फाच्या पोटात बोगदे कोरून राहत. त्यातल्या एका वस्तीचं नाव अनाहत. तिथली बहुतेक घरं मराठी.

बर्फातला बोगदा दुसऱ्या बोगद्यासारखाच दिसतो. दिवा गेला की माणूस आपल्या दारापासून चार पावलांवरसुद्धा हरवतो. म्हणून वस्ती वसवणाऱ्यांनी एक युक्ती केली. सभामंडपाच्या तळाशी बर्फात एक भलीमोठी धातूची तबकडी बसवली आणि तिला एका सुरात थरथरत ठेवलं. बर्फातून आवाज फार दूर जातो. हरवलेल्याने भिंतीला कान लावायचा आणि ज्या बाजूने सूर वाढतो तिकडे चालत सुटायचं. हा सूर दिवसरात्र चालू असे. त्याला सगळे ‘अखंड’ म्हणत. मूल बोलायला लागलं की त्याला पहिल्यांदा शिकवत, ‘हरवलास तर अखंडाला लाग.’

युक्ती म्हणून सुरू झालेली गोष्ट हळूहळू भक्ती झाली. कीर्तनाची पेटी अखंडाच्या सुरात, पाळण्यावरची अंगाई अखंडाच्या सुरात, दाराची घंटासुद्धा त्याच सुरात. तबकडीची कळ कीर्तनकाराच्या ताब्यात असे आणि गादीवर बसताना तो शपथ घेई की माझ्या हयातीत हा सूर तुटणार नाही. त्या वेळी गादीवर होते भालचंद्रबुवा करंबेळकर. अंगाने भरलेले, बोलायला मिस्कील, आणि उत्तररंगात डोळ्यांतून पाणी काढणारे.

बुवांच्या मागे उभी राहून झील धरायची कमळजा शेलार. झीलकरी म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊकच आहे. बुवा श्वास घ्यायला थांबले की मागे धृपद धरून ठेवणारा, सूर खाली पडू न देणारा. कमळजाचा कान असा की पेटी केसभर उतरली तरी तिच्या कपाळाला आठी पडे. एरवी ती ‘मुंगळा’ चालवायची. बर्फ पोखरत जाणाऱ्या, एकच माणूस मावणाऱ्या यंत्राला तिथे मुंगळा म्हणत. पिण्याचं गोडं पाणी देणाऱ्या बर्फाची शीर शोधणं हे तिचं काम.

एके दिवशी ती अशीच शीर शोधत खोल गेली असताना वरचा बर्फ सरकला. मागचा बोगदा मिटला, बोलण्याची तार तुटली. मुंगळ्यात हवा होती ती फार तर दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत पुरणारी. खणून काढायचं तर नेमकं कुठे खणायचं ते कळायला हवं. अंदाजाने खणत बसलं तर महिना लागला असता.

शोधायचं काम श्रवणघराकडे आलं. बर्फात जागोजाग पुरलेले ‘कान’, म्हणजे थरथर टिपणारी उपकरणं, त्यांचे धागे जिथे येऊन मिळत ते श्रवणघर. तिथल्या शास्त्रज्ञ होत्या डॉक्टर ऋजुता खानझोडे. मूळच्या चंद्रपूरकडच्या घराण्यातल्या, सरळ बोलणाऱ्या. दुपारी बुवा तिथे आले ते कमळजाच्या नवऱ्याला, हणमंताला, हाताला धरून. हणमंतही मुंगळाच चालवायचा. त्याने सकाळपासून पाणीसुद्धा घेतलेलं नव्हतं.

“बाई, काही ऐकू आलं?” हणमंताने दारातूनच विचारलं.

“अजून नाही. या, बसा तुम्ही.”

“बसतो कुठला. ती तिकडं…”

बुवांनी त्याला खुर्चीवर दाबून बसवलं आणि स्वतः पडद्यासमोर आले. “ऋजुताबाई, अडाण्याला समजेल असं सांगा. तुमचं हे यंत्र ऐकतं म्हणजे करतं काय?”

ऋजुताबाईंना तसाही जीव रमवायला काहीतरी हवं होतं. “तांदूळ निवडतात तसं. गुरू ओढतो म्हणून हा बर्फ सारखा कण्हतो, कुरकुरतो. त्या गोंगाटात कमळजाताईंच्या मुंगळ्याचा बारीक सूर असणार. तो वेगळा काढायचा. आम्ही यंत्राला निवडणीच म्हणतो. गणित जुनं आहे, त्याला फूरिए रूपांतर म्हणतात.”

“नाव राहू द्या. युक्ती सांगा.”

“समजा, तुमच्यासमोर कुणी अनोळखी माणूस गातोय आणि त्याचा सूर ओळखायचाय. मी काय करते, एकेका सुराचा एकेक झीलकरी उभा करते. प्रत्येकाने आपापला सूर त्या गाण्याच्या शेजारी धरायचा. लहर वर तेव्हा हाही वर, खाली तेव्हा हाही खाली, असं जुळलं की गुण मिळतात आणि ते साठत जातात. नाही जुळलं तर कधी गुण मिळतात, कधी कापले जातात, आणि शेवटी हाती शून्य येतं. मग मी सगळ्यांचे गुण कागदावर ओळीने मांडते. ज्याचा सूर जुळला त्याच्या जागी उंच काडी उभी राहते. बाकी सपाट.”

“वा! म्हणजे झीलकऱ्यांची परीक्षाच की.”

“दाखवतेच. शोध सुरू करायच्या आधी यंत्राची तब्येत तपासायला आम्ही त्याला एक साधा सूर घालतो. नुसती झुलणारी लहर, गणितात तिला कोसाइन म्हणतात.” त्यांनी एक सूर दिला. पडद्यावर लहर झुलली, आणि खालच्या रेघेवर दोन काड्या उभ्या राहिल्या. एक रेघेच्या मधल्या शून्याच्या उजवीकडे, एक डावीकडे, दोन्ही सारख्या अंतरावर.

“सूर एक आणि काड्या दोन?” बुवा म्हणाले.

“हे गणित लहरीकडे चाकांसारखं बघतं. एक चाक सुलट फिरणारं, ती उजवी काडी. एक उलट, ती डावी. दोघांची आडवी ओढ एकमेकांना मारते आणि नुसतं वरखाली झुलणं उरतं. एकट्या चाकाने कोसाइन होत नाही.”

“कळलं. एका वाटीचा टाळ होत नाही, तसंच ना?”

इतक्या काळजीतही ऋजुताबाईंना हसू आलं. “तसंच. आणि एक गंमत बघा. सूर थोडाच वेळ ऐकला तर काडी येत नाही, पसरट टेकाड येतं. जास्त ऐकू तितकं ते निमुळतं होतं. सुईसारखी काडी हवी तर सूर अनादि-अनंत चालू हवा. ज्याला सुरुवात आणि शेवट आहे त्याच्या काडीला थोडी तरी रुंदी राहणारच.”

“म्हणजे तुमच्या गणितालासुद्धा अनादि-अनंत लागतोच तर.” बुवांनी नकळत हात जोडले. “मग आपल्या अखंडाची काडी दाखवा की. वस्तीत सगळ्यांत लांब चाललेला सूर तोच. डोळे तरी निवतील.”

ऋजुताबाईंनी अखंडाच्या सुराची कोसाइन यंत्राला दिली. वरती लहर झुलली. खाली मात्र काहीच नाही. नुसती आडवी रेघ, काडी नाही की टेकाड नाही.

“बिघडलं की काय?” हणमंत उठून उभा राहिला.

“नाही, नाही. अखंड इतका मोठा आहे की त्याच्यापुढे दुसरं काही दिसतच नाही. म्हणून यंत्र बसवलं तेव्हाच त्या सुराच्या जागी वगळपट्टी टाकलीय. बारीकशी फट आहे. त्या फटीत जे येईल ते यंत्र टाकून देतं. तिथलं आपल्याला काही ऐकायचंच नसतं.”

त्या बोलून गेल्या. मग तिघांनीही पडद्यावरच्या रिकाम्या रेघेकडे पाहिलं.

“बाई,” हणमंत हळूच म्हणाला, “संकटाचा भोंगा जुन्या मुंगळ्यांत गारठ्याने तडकतो. तिचा मुंगळा जुना. भोंगा गेला की हाताने फिरवायचा ठोका असतो. तो बर्फावर आपटत राहतो, फिरवण्याच्या वेगाने त्याला सूर आपण लावायचा. मी असतो तर… आम्हाला लहानपणापास्नं एकच शिकवलंय.”

हरवलास तर अखंडाला लाग.

“पण हाताने लावलेला सूर इतका नेमका कसा बसेल?” ऋजुताबाई स्वतःशीच बोलत होत्या. “फट केसाएवढी आहे. जरा इकडेतिकडे झाला असता तर दिसलाच असता.”

“कमळजाचा?” बुवा म्हणाले. “इकडेतिकडे?”

तिचा कान कच्चा असता तर ती सकाळीच सापडली असती, हे तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं.

“वगळपट्टी काढून टाका मग!” हणमंत ओरडला.

“काढते, पण उपयोग नाही. एकाच सुराच्या दोन लहरी मिसळल्या की तसलीच एक लहर तयार होते. तिच्यात किती अखंड आणि किती कमळजाताई, ते कोणालाच सांगता येत नाही. अखंडाचा जोर बर्फाच्या कुरकुरीने सारखा कमी-जास्त होतो, आणि ताईंचा आवाज त्या कमी-जास्तीहून बारीक असणार.” त्या बुवांकडे वळल्या. “अखंड थांबवला तरच त्या ऐकू येतील.”

बुवांनी उपरण्याने चेहरा पुसला. “किती वेळ बंद ठेवावा लागेल?”

“काडी उभी राहीपर्यंत. थोडक्यात नाही भागायचं.”

“आणि ती वाजवतच नसली तर?”

“तर काही दिसणार नाही.”

संध्याकाळच्या कीर्तनाला जमतात तसे सगळे सभामंडपात जमले. बातमी आधीच पोचली होती. वस्तीप्रमुखांनी सांगून टाकलं की कळ बुवांची, निर्णयही बुवांचा. एक वृद्ध गृहस्थ उभे राहिले. “बुवा, कमळजा आमचीही लेक आहे. पण आमच्या आईबापांनी हवा तुटून श्वास अडकत असतानाही हा सूर चालू ठेवला. तुम्ही शपथ घेतलीत. ती तुमच्या हातून तुटली तर उद्या या गादीवरून आम्हाला काय सांगणार?”

कोणी चूप म्हणालं नाही. प्रश्न सगळ्यांचाच होता.

बुवा गादीवर चढले नाहीत. खालीच उभे राहून बोलले. “काका, तुमचं खरं आहे. मी दुपारपासून तेच चघळतोय. मग एक आठवलं. मी इथे कीर्तन करतो तेव्हा मध्ये दम घ्यायला थांबतो की नाही? वय झालं, आता तर फारच थांबतो. तुमच्यापैकी कोणी कधी म्हणालं का, की बुवांचं कीर्तन तुटलं? का नाही म्हणालात? कारण मागे कमळजा असते. मी श्वास घेतो आणि ती धरते. अहो, झीलकरी असतो कशासाठी? आज इतक्या वर्षांनी अखंडाने श्वास घ्यायचा आहे. सूर कमळजा धरून आहे, असा माझा भरवसा आहे. ती धरून असेल तर शपथ तुटत नाही. आणि ती नसेलच… ती नसेल तर शपथ माझ्या हातून तुटली. पाप माझं. तुम्ही फक्त गप्प राहा, तिचं ऐकू येऊ द्या.”

त्यांनी तबकडीला वाकून नमस्कार केला आणि कळ खाली ओढली.

तसली शांतता त्या वस्तीत जन्मलेल्या कोणी ऐकलेली नव्हती. आयांच्या कडेवरची तान्ही मुलं एकदम रडायला लागली. मोठी माणसं भिंतीला हात लावून बघत होती, भिंत जागेवर आहे ना म्हणून. हवेच्या पंपाची धडधड, शेजारच्याचा श्वास, स्वतःच्या कानातलं रक्त, सगळं ऐकू येऊ लागलं. एका बाईने बुवांना विनवलं, “आता पुरे, लावा ना.” बुवांनी मानेने नाही म्हटलं. ते कळीपाशीच मांडी घालून बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते.

श्रवणघरात ऋजुताबाई आणि हणमंत पडद्याकडे बघत होते. वगळपट्टी काढलेली होती. रेघ सुरुवातीला नुसतीच खडबडीत, बर्फाच्या कण्हण्याने भरलेली. मग अखंडाच्या जागी, शून्याच्या दोन्ही बाजूंना, काहीतरी फुगल्यासारखं दिसलं. दिसलं असं वाटलं, म्हणूया.

“हे काय आहे?” हणमंताने विचारलं.

“माहीत नाही. थांबा.”

गुण साठत होते. गोंगाटाचे गुण एकमेकांना खाऊन टाकत होते. ते फुगलेलं टेकाड अंग चोरू लागलं, निमुळतं होऊ लागलं, आणि निमुळतं होता होता वर चढू लागलं. मग दोन काड्या, सारख्या अंतरावर, सारख्या उंचीच्या, ताठ उभ्या राहिल्या.

ऋजुताबाईंनी सभामंडपाचा ध्वनिक्षेपक उघडला. पाठ केलेलं शास्त्रीय वाक्य त्यांना आठवेना. त्या एवढंच म्हणाल्या, “बुवा, धरलाय तिने.”

मंडपात जो कल्लोळ झाला तो मी काय वर्णावा! त्यात बुवांच्या डोळ्यांतून धारा, आणि जोडलेले हात कुणाकडे करावेत ते कळेना, म्हणून सगळीकडे करत होते.

पुढचं काम सोपं. तो सूर कोणत्या कानाला आधी पोचला आणि कोणत्याला मागाहून, हे लहरीच्या पुढेमागे असण्यावरून मोजता येतं. त्यावरून जागा ठरली. हणमंताने स्वतः मुंगळा चालवत बोगदा पाडला. उजाडायच्या आत, म्हणजे वस्तीचे दिवे दिवसाचे व्हायच्या आत, कमळजा बाहेर आली. ठोका फिरवून फिरवून दोन्ही तळहात सोललेले.

“घरात दहा हाका मारल्या तरी ओ देत नाहीस,” हणमंत रडत रडत म्हणाला, “आणि इथं जीव खाऊन वाजवत बसलीस!”

“घरात तुम्ही बेसूर मारता हाका,” ती म्हणाली. मग तिने बुवांना बघितलं आणि तिचा चेहरा बदलला. “बुवा, मधेच अखंड थांबला. मला वाटलं, वस्ती गेली. बर्फ कोसळला, सगळे गेलात. हात सोडून दिले होते मी. आता कोणासाठी वाजवायचं?”

“मग?”

“मग म्हटलं, कोणीच उरलं नसेल तर मीच उरले ना. मी सोडला तर संपलाच की. म्हणून परत धरला.”

बुवा खाली बसले आणि त्यांनी आपल्या झीलकरणीच्या सोललेल्या हातांवर कपाळ टेकवलं. ती अवघडून गेली. ‘बुवा, अहो, हे काय’ म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी आनंदाचं कीर्तन झालं. पूर्वरंगात बुवांनी चक्क ऋजुताबाईंना उभं केलं आणि दोन काड्यांची गोष्ट सांगायला लावली. लोकांनी बुक्का लावून त्यांचं कपाळ काळं केलं. लहान मुलं एकमेकांना ‘तू डावी काडी, मी उजवी’ म्हणत पळत होती. सगळ्यांना सगळ्यांचे आभार मानायचे होते.

कीर्तन संपल्यावर आगवणेकाकू पुढे आल्या. एकट्या राहणाऱ्या, मितभाषी बाई. कमळजासाठी त्यांनी वाटीत शिरा आणला होता. तिला भरवला, तिची दृष्ट काढली. मग ऋजुताबाईंजवळ गेल्या.

“बाई, माझा सोपानसुद्धा मुंगळाच चालवायचा. तुम्ही इथे यायच्या आधीची गोष्ट. बर्फ सरकला, तो आत राहिला. तेव्हा या यंत्राने ऐकलं आणि सांगितलं, काही आवाज नाही. म्हणून शोध थांबवला. वगळपट्टी तेव्हापण होती?”

मंडपातला गलबला विरला. ऋजुताबाईंनी बुवांकडे पाहिलं. खोटं बोलायला हीच वेळ बरी होती, आणि कोणी त्यांना दोष दिला नसता.

“होती, काकू.”

“मग तो वाजवत होता का? तुमच्याकडे तेव्हाचं सगळं साठवलेलं असेल ना? बघून सांगा.”

“साठवलेलं आहे. पण फट पाडूनच साठवलंय. तो सूर त्यातून आधीच काढून टाकलेला आहे. वाजवत होता की नव्हता, हे आता कोणालाच, कधीच कळणार नाही.”

काकूंनी रिकामी वाटी पदराने पुसली. “त्या दिवसांत मी इथेच बसून होते,” त्या म्हणाल्या. “अखंडापुढे. म्हटलं, देवा, त्याचा आवाज येऊ दे. दोन सूर मिसळले की एकच होतो म्हणालात ना तुम्ही मघाशी कीर्तनात? म्हणजे मी ऐकत होते त्यात तो असेल.”

“असेल, काकू.”

“कितीक वेळ?”

ऋजुताबाईंनी काकूंचा हात हातात घेतला. काकूंनी तो सोडवला नाही, उलट थोपटला. “तुम्ही खरं सांगितलंत. ही एक वाचली, देवाची कृपा. तुमचीही.” आणि त्या घरी गेल्या.

त्या दिवसापासून अनाहतमध्ये रोज कीर्तनानंतर बुवा स्वतःच्या हाताने अखंड थांबवतात. तान्ही मुलं आता रडत नाहीत. सगळी वस्ती भिंतीला कान लावून उभी राहते. ऋजुताबाईंच्या पडद्यावर रेघ सपाट आहे, कोणी अडकून वाजवत नाही ना ते पाहून झालं की बुवा हात जोडून पुन्हा कळ वर करतात. तेवढ्या शांततेत आगवणेकाकू भिंतीपाशी उभ्या असतात, आणि त्यांच्या शेजारी कमळजा.

गोष्ट एवढीच. कमळजा सुखरूप आहे, तिची काळजी नको. तुम्ही आता घरी जाल, दिवा लावाल, हात जोडाल. तेव्हा देवाचं नाव घेऊन झालं की क्षणभर गप्प राहा, आणि सोपान आगवणेची आठवण काढा. कोण जाणे, त्यानेही धरला असेल.